बाबा, आधी तू म्हण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उद्घोषकानं दिवसातली चौथी घोषणा केली आणि ती चुकली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जुन्या पुलावरून कारखान्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. पुन्हा एकदा. फलाट क्रमांक चार. धन्यवाद."

बटण सोडलं, माइकवरचा लाल दिवा विझला. काचेपलीकडे पहिल्या पाळीची माणसं डबे आणि पिशव्या सावरत चार नंबरकडे निघाली. कारखान्याची गाडी सहा नंबरवर उभी होती. तिचा ड्रायव्हर पायरीवर उभा राहून, आपले प्रवासी आपल्याकडे पाठ फिरवून चाललेत कुठे, हे बघत होता.

काचेवर थाप पडली. बाहेर वाहतूक नियंत्रक. गळ्यात एक शिट्टी, खिशात दुसरी राखीव. बसस्थानकात लहानथोर सगळेच त्याला शिट्टीमामा म्हणत.

"अरे, काय फुकट पळवतोस लोकांना? गाडी सहावर आहे. त्या आजीबाई दोन पिशव्या घेऊन चारवर जाऊन आल्या, आता तुझ्या नावानं बोटं मोडताहेत."

"चुकलं, मामा."

"मला काय सांगतोस? माइकला सांग."

त्यानं माइकला सांगितलं. दिलगिरी, सहा नंबर, पुन्हा एकदा सहा नंबर. गर्दी उलटी वळली. मामा काही गेला नाही. दार ढकलून आत आला. आत म्हणजे दीड माणसाची जागा. एक टेबल, काचेखाली वेळापत्रक, एक खुर्ची आणि छताला पंखा. माइक चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, नाही तर त्याची घरघर साऱ्या स्थानकाला ऐकू जाई. त्यामुळे त्या खोलीत वर्षभर घाम होता.

"काल टिटवीचा निकाल होता ना? त्या तपासणीचा?"

"होता."

"नापास झाली होय?"

"पास झाली."

"मग सुतकी तोंड कशाला?"

"पास झाली हीच तर पंचाईत आहे, मामा."

मामाला हे कळलं नाही, आणि कळायला सोपं नव्हतंही.

उद्घोषक मुळात उद्घोषक नव्हता. तो सामानघरात लागला होता, पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायला. एका सकाळी जुन्या उद्घोषकाचा घसा बसला आणि स्थानकप्रमुखांनी दिसेल त्याला माइकपुढे बसवलं. अर्ध्या तासासाठी बसवलेला माणूस तिथेच राहिला. आवाज भरदार, शब्द सुटे, घाई नाही. गावात त्याचा चेहरा कुणी ओळखत नसे, पण वाण्याकडे त्यानं "अर्धा किलो साखर" म्हटलं की रांगेतली दोन-चार माणसं दचकून आपली पिशवी चाचपत. बायकोची तक्रार वेगळी होती. "भांडतानासुद्धा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात," ती म्हणे. "आणि शेवटी धन्यवाद."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. माणसं तीन. तो, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बायको, आणि आठ संपून नववं लागलेली मुलगी. मुलगी सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची, म्हणून तिला टिटवी म्हणत. दोन वर्षांची असल्यापासून बाबाच्या घोषणा तिला पाठ. पाहुणे आले की ती स्टुलावर चढून कारखान्याची गाडी लावून दाखवी. पाहुणे हसत, आणि बाबाचा चेहरा नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा होई.

शाळेत घातल्यावर अडचण सुरू झाली. अक्षरं टिटवीपाशी थांबत नसत. काल दाखवलेलं आज अनोळखी. फळ्यावर ओळखलेलं वहीत परकं. आईनं आधी डोळ्यांवर संशय घेतला, कारण ते तिच्या हातातलं होतं. दुकानातल्या उंच खुर्चीवर बसवून तिनं डॉक्टरांकडून तीनदा तपासून घेतलं. डोळे ठणठणीत निघाले. मग शाळेनं सांगितलं, मुलगी हुशार आहे पण आळशी आहे. तोंडी उत्तम, लेखी शून्य. हे ऐकून बाबानं जे केलं, ते आणखी कुठला बाप करता ना.

तो तिला धडे जाहीर करून दाखवू लागला.

पाळी संपवून आल्यावर, भाजी चिरणाऱ्या बायकोच्या बाजूला बसून, तो पुस्तक उघडी. पहिल्यांदा वाची. दुसऱ्यांदा वाची. तिसऱ्यांदा टिटवी म्हणे, एक शब्द इकडचा तिकडे न करता, जिथे तो श्वास घेई तिथेच श्वास घेऊन. त्याला वाटे, आलं. बायकोला वाटे, भाजी करपेल. पहिली अशी गेली, दुसरीही अशीच गेली. तिसरीचं भाषेचं पुस्तक तर तिला मुखपृष्ठापासून छापणाऱ्याच्या पत्त्यापर्यंत तोंडपाठ झालं.

यंदाच्या वर्गशिक्षिका नव्या होत्या आणि त्या मुलांना उभं करून वाचायला लावत. टिटवीच्या वाट्याला 'कुंभारमाशी' आली. "कुंभारमाशी एकटीच राहते. ती चिखलाचे छोटेसे घर बांधते." खणखणीत. वर्ग गप्प झाला. शेवटच्या ओळीनंतर टिटवी थांबली, आणि सवयीनं म्हणाली, "पुन्हा एकदा. कुंभारमाशी एकटीच राहते. धन्यवाद." वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या, कौतुकानं तिच्याजवळ गेल्या, आणि त्यांना दिसलं की तिच्या हातातल्या पुस्तकात मिठागराचं चित्र आहे. कुंभारमाशी चार पानं मागे राहिली होती.

बाईंनी आईबाबांना बोलावलं. आवाज न चढवता सांगितलं, ही आळशी नाही. आळशी मूल अख्खं पुस्तक पाठ करत नाही. हिला वाचन जमत नाहीये, आणि ते न जमणं झाकायला ही दुप्पट कष्ट करतेय. तपासून घ्या. चौथीत धडे लांब होतात, तिथे पाठांतर पुरणार नाही. हे असंच चालू राहिलं तर वर्षाच्या शेवटी तिसरीत पुन्हा बसवायची वेळ येईल.

त्या दिवसापासून उद्घोषकाच्या पायाला भिंगरी लागली. पाळी सुटली की गणवेशातच तो निघे. शिक्षण कार्यालयातल्या खिडकीनं सांगितलं, हे रुग्णालयाचं काम. रुग्णालयातल्या खिडकीनं सांगितलं, आधी शाळेनं पाठवायला हवं. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं 'अध्ययन अक्षमता' असा शब्द दिला. तो शब्द उद्घोषकाला सुरेख म्हणता येई, पण त्याचं पुढे काय करायचं ते कुणी सांगेना. पलीकडच्या टोकाला एक खासगी केंद्र निघालं. दोन गाड्या बदलून जायचं, आणि आठवड्याची फी ऐकून त्यानं पाणी मागितलं. विशेष मुलांच्या शाळेत गेला, तर तिथल्या मोठ्या बाईंनी टिटवीशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "ही आमच्याकडची नाही हो. हिला हिच्याच शाळेत मदत मिळायला हवी."

मामानं तेव्हाही सोडलं नव्हतं. "साऱ्या दुनियेला फलाट सांगतोस, आणि तुझी स्वतःची गाडी कुठे लागते ते तुला ठाऊक नाही."

गाडी लागत होती ती टिटवीच्याच शाळेत. प्रयोगशाळेच्या मागे, जिन्याखालून जाऊन उजवीकडे, जिथे मोडकी बाकं ठेवत, तिथे गेल्या वर्षापासून मदतीचा वर्ग भरत होता. विशेष शिक्षिका आठवड्यातले तीन दिवस येत, उरलेले दिवस दुसऱ्या शाळांत. आठ मुलं घेत, नववं नाही. हे पालकांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. नव्या वर्गशिक्षिकेलाही ते जागा शोधताना कळलं. बाकं ठेवायला गेल्या, तर आत मुलं.

सात नावं भरली होती, एक जागा शिल्लक होती. विशेष शिक्षिकेनं टिटवीची तपासणी लावली.

आणि इथे उद्घोषकानं घोळ घातला.

तपासणीच्या दिवशी तो दाराबाहेर उभा होता. आत शिक्षिकेनं तिसरीचं पुस्तक उघडलं आणि मधलाच एक उतारा पुढे केला. टिटवीनं पहिला शब्द कसाबसा जुळवला, चित्राकडे बघितलं, आणि पुढचं सगळं धबधब्यासारखं आलं. दाराबाहेर तिचा बाप मान डोलवत होता. स्वल्पविरामाशी थांबली की त्याची मानही थांबे. वाचन संपलं तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. शिक्षिकेनं डोकं बाहेर काढून विचारलं, "घरी वाचते का ही?"

"रोज," तो म्हणाला. "एक दिवस चुकत नाही."

शिक्षिकेनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण त्यांच्या हातातल्या घड्याळात वेळ चांगली होती आणि चुका शून्य होत्या. काल दुपारी निकाल आला. वाचन वयाच्या मानानं समाधानकारक, मदतीच्या वर्गाची गरज नाही.

येताना त्यानं मिठाईचा पुडा आणला. बायकोनं पुडा न उघडता ओट्यावर ठेवला.

"कसलं तोंड गोड करताय? तिनं वाचलं नाहीये. तुम्ही वाचलंत."

"अगं, पण एक चूक नाही—"

"तुमची नाहीच होत चूक. इतकी वर्षं बोलताय. पण पुढच्या वर्षी चौथीच्या वर्गात तुम्ही जाऊन बसणार का तिच्या बाकावर?" तिनं सुरी खाली ठेवली. "त्या बाईंनी विचारलं तेव्हा खरं सांगता आलं असतं. एका वाक्यात. दोनदा सांगायचीसुद्धा गरज नव्हती."

टिटवी दारात उभी राहून ऐकत होती. "मी पास झाले ना?" तिनं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती पुडा घेऊन खाली सायकलवाल्याकडे गेली. त्यानं तिचं अभिनंदन केलं.

मामानं हे सगळं दाराला टेकून ऐकलं. मध्ये दोन घोषणा झाल्या. पंखा बंद, पंखा चालू.

"मग आता?"

"त्या बाई आज बारापर्यंत शाळेत आहेत. आठवं नाव ठरवून बारा वाजता कार्यालयात देणार. मग सहामाहीपर्यंत बदल नाही."

"आणि तू इथे दोनपर्यंत."

"हो."

"फोन कर."

"फोनवर काय सांगू? माझी मुलगी चांगली वाचते ते खोटं आहे, असं?"

आठ वाजता त्यानं फोन केला, पण वर्गशिक्षिकेला. त्या म्हणाल्या, या. मी त्यांच्याशी बोलून ठेवते, पण पटवायचं तुम्हालाच आहे, कारण 'रोज वाचते' असं तुम्हीच सांगितलंत.

त्यानंतरचे तीन तास त्यानं जागेवर काढले, पण नीट काढले नाहीत. घाटातून येणारी गाडी घाटात जाणारी झाली. एका हरवलेल्या छत्रीची घोषणा करताना तो मध्येच थांबला आणि छत्री कुठल्या रंगाची ते सांगायचं राहून गेलं. तीन माणसं छत्री मागायला आली. साडेदहाला तो उठला, बसला, पुन्हा उठला. बदली माणूस रजेवर होता. अकराला मामानं दार उघडलं.

"ऊठ. जा."

"माइकवर कोण?"

"मी काय मुका आहे?"

"मामा, तुम्ही शिट्टीशिवाय कधी—"

"जा म्हटलं ना. वरून विचारलं तर पोट बिघडलं म्हणून सांगीन. तुझं नाही, माझं. म्हणजे दया येईल."

तो फाटकापर्यंत पोचला नव्हता तोच पाठीमागे कर्णे कडाडले. "ए कारखानावाले! सहावर या, सहावर! चारवर काय ठेवलंय तुमचं?" मग एक लांब शिट्टी, माइकमधून. साऱ्या फलाटांवरच्या माणसांनी कानावर हात ठेवले. कारखान्याचे प्रवासी मात्र एकजात सहावर गेले.

शाळा चालत पाव तासावर होती. तो अर्धा रस्ता चालला आणि उरलेला पळाला. गणवेशातला माणूस पळताना दिसला की लोक बाजूला होतात, तसे झाले. पळताना तो वाक्यं जुळवत होता. मॅडम, थोडा गैरसमज झाला. नको. मॅडम, माझी चूक झाली. पुढे? पार्सलं, फलाट, छत्र्या, सगळं त्याला सांगता येई. आपल्या मुलीला काय येत नाही हे सांगायला त्याच्याकडे वाक्य नव्हतं.

मदतीच्या वर्गात आठ लहान खुर्च्या, एक फळा आणि भिंतीला लावलेली मोडकी बाकं होती. विशेष शिक्षिका चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोटांवर खडू. त्यांनी त्याला लहान खुर्चीवरच बसायला सांगितलं, कारण मोठी नव्हती.

"माझ्याकडे पालक येतात ते उलटं सांगायला," त्या म्हणाल्या. "आमच्या मुलाला सगळं येतं, तुम्हीच चुकीचं तपासलंत. तुम्ही पहिलेच."

"तिनं वाचलं नाही मॅडम. तिला पाठ आहे."

"कुठला धडा?"

"सगळे."

शिक्षिकेनं खडू ठेवला. "सगळे म्हणजे?"

"पुस्तक. मी म्हणतो, ती ऐकते. मी स्थानकावर उद्घोषक आहे."

"तरीच." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मला वाटलं होतं, हा सूर कुठे ऐकलाय. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य सुरू केलं होतं तिनं. मी टिपून ठेवलं होतं. म्हणून तर तुम्हाला विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, रोज वाचते."

"हो."

"का म्हणालात?"

तो म्हणाला, "छान वाटलं म्हणून."

शिक्षिकेनं ते मान्य केल्यासारखी मान हलवली. शेजारच्या शाळेतलं एक नाव त्या आठव्या जागेसाठी थांबलं आहे, हेही सांगितलं. त्या मुलाबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

"पुन्हा तपासते. आत्ताच. पण तुम्ही इथे बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. मानसुद्धा हलवायची नाही."

टिटवीला वर्गातून आणलं. बाबा गणवेशात, शाळेत, दिवसाढवळ्या, छोट्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलेला बघून तिला कोण आनंद झाला. "बाबा, तुझी गाडी चुकली का?" तिनं विचारलं. बाबा काही बोलला नाही. तिनं शिक्षिकेकडे वळून खात्रीनं सांगितलं, "मी कुठलाही धडा वाचीन. मिठागरसुद्धा."

"धडा नको आज," शिक्षिका म्हणाल्या. त्यांनी पुस्तक उचलून कपाटात ठेवलं, आणि फळ्यावर त्या क्षणी सुचलेली तीन वाक्यं लिहिली. मोठ्या, सुट्या अक्षरांत. माझ्या खिडकीत एक निळा डबा आहे. डब्यात बिया आहेत. उद्या मी त्या मातीत पेरणार.

"वाच."

टिटवीनं फळ्याकडे बघितलं. चित्र नव्हतं. मग ती अगदी सहज, रोज संध्याकाळी वळे तशी, बाबाकडे वळली.

"बाबा, आधी तू म्हण ना एकदा."

त्याचं तोंड उघडलं होतं. तीन वाक्यं. जेमतेम चार श्वास. त्यानं ते मिटलं आणि जमिनीकडे बघितलं.

"बाबा. एकदाच."

शिक्षिकाही वाट बघत होत्या, आणि कुणाची बघत होत्या ते त्याला कळत होतं. बाहेर मैदानावर कुणीतरी धावांवरून भांडत होतं. टिटवी आणखी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली, पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"माझ्या खिशात एक निवांत डास आहे. डास म्हणतो, मला बाहेर काढा. उद्या मी मामाकडे पोचणार."

इतकं बेमालूम, की क्षणभर उद्घोषकानं पुन्हा फळ्याकडे बघितलं. शिक्षिकेला हसू आवरलं नाही. टिटवीही हसली. जमलं, असं तिला वाटलं.

"गोष्ट झकास आहे," शिक्षिका म्हणाल्या. "आता माझ्या खडूबरोबर. हा शब्द कुठला?"

खडू 'खिडकीत'खाली होता.

"खिशात."

"नीट बघ. किती अक्षरं आहेत?"

टिटवीनं बघितलं. ओठ हलले. "खि," ती म्हणाली. मग काहीच नाही. खडू पुढे सरकला. "हा?" "डा. डब." "हा?" तिनं नाकाशी मूठ दाबली. "हा?" आवाज बारीक होत गेला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही. स्टुलावरची टिटवी कुठे उरली नव्हती. फळ्यापुढे एक लहान मुलगी उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"पुरे," शिक्षिका म्हणाल्या, आणि लगेच फळा पुसला. "बस. पाणी पी. तू चुकलीस असं काही झालेलं नाही. मला काय शिकवायचं ते मला कळलं, एवढंच."

टिटवीला ते पटलं नाही. ती बसली, पण पाणी घेतलं नाही.

शिक्षिका त्याला बाहेर घेऊन आल्या. "नाव घालते. सहामाहीपर्यंत, मग पुन्हा बघू. लगेच वाचायला लागेल अशी आशा ठेवू नका. वर्ष जाईल, कदाचित दोन."

"आणि घरी? वाचून दाखवायचं बंद करू?"

"अजिबात नाही. एवढा कान तिला तुमच्यामुळेच आलाय, त्याच्यावरच तर मला काम करायचंय. गोष्टी वाचा, वर्तमानपत्र वाचा, काय वाटेल ते वाचा. फक्त ते वाचन तिच्या नावावर खपवू नका."

"बरं."

"आणि मला विचारलं की खरं सांगा."

"हो," तो म्हणाला. दोनदा म्हणाला नाही.

मधली सुट्टी सुरू झाली होती. वर्गशिक्षिकेच्या परवानगीनं तो टिटवीला फाटकापर्यंत घेऊन आला. ती त्याच्यापुढे दोन पावलं चालत होती. एरवी त्या अंतरात तिच्या अख्ख्या वर्गाच्या चहाड्या सांगून झाल्या असत्या. फाटकापाशी ती थांबली.

"मला येत नाही हे तू त्यांना का दाखवलंस?"

"त्यांना कळल्याशिवाय त्या शिकवणार कशा?"

"मला येतं की. तू म्हटलंस की मला येतं."

"ते मला येतं, टिटवे. तुला ऐकायला येतं."

"मग तेच पुरे."

"नाही पुरत."

"तू बोलला नाहीस," ती म्हणाली. "मी दोनदा म्हटलं आणि तू बोललाच नाहीस."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला, तर ती मागे सरकली आणि मैदानाकडे पळाली. जरा लांब गेल्यावर तिनं वळून बघितलं, तो अजून उभा आहे का ते. तो होता. ती पुन्हा पळाली.

रस्त्यात त्यानं बायकोला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, पलीकडे चष्म्याच्या पेट्या उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता.

"मिळाली जागा."

"ती कशी आहे?"

"रागावली आहे."

"तुमच्यावर?"

"माझ्यावर."

पलीकडे एक पेटी टक्‌कन मिटली. "रागावू दे. संध्याकाळी तिच्याशी बोलायला जाऊ नका लगेच. आणि गोड काही आणू नका."

"नाही आणत."

"मी लवकर निघायचं बघते. शब्द कुठला होता?"

"कुठला शब्द?"

"अडली ती कुठे?"

"खिडकीत," तो म्हणाला. पलीकडे बायकोनं गिऱ्हाइकाला आरसा दाखवला असावा, कारण ती म्हणाली, "जरा सरळ बघा," आणि फोन ठेवला.

उद्या बुधवार. मदतीचा वर्ग पावणेआठला उघडतो, शाळेच्या घंटेच्या पाऊण तास आधी. उद्घोषकाची पाळी सहाची आणि चष्म्याचं दुकान दहाला उघडतं, म्हणून सोडायला आई जाईल. पालकांना जिन्यापर्यंतच जाता येतं. मुलांनी पेन्सिल आणि खोडरबर आणायचं. पाठ्यपुस्तक आणायचं नाही.